लाट पेटली, चमकली की आणखी काही?

प्रश्न:
एका प्रवासलेखाचं भाषांतर करते आहे. अंधारात लाट फुटते आणि फेसाची कड निळी होते, ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की भोवती निळे ठिपके उमटतात, असं वर्णन आहे. मी ‘लाट पेटली’ लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘लाट जैवप्रकाशमान झाली’ केलं. मी हे दृश्य स्वतः पाहिलंय. गुडघाभर पाण्यात हात फिरवताना असला शब्द कुणाच्याच मनात येणार नाही. पण ‘पेटली’ही पुरतं पटत नाही, कारण त्या उजेडात ऊब नव्हती. क्रियापद सुचवा.

प्रतिसाद:
सजीवांच्या अशा उजेडाला ‘जीवदीप्ती’ हा विश्वकोशातला रूढ शब्द असताना ‘जैवप्रकाश’ कशाला?

प्रतिसाद:
त्यांना नाम नकोय, क्रियापद हवंय. अडचण खरी आहे. उजेडाचे आपले बरेच शब्द आगीतूनच आलेत. पेटणे, जळणे तर उघडच. ‘उजळणे’मध्ये ज्वल् आहे आणि ‘दीप्ती’तला दीप्ही आगीचाच. ऊब नसलेल्या उजेडाला एकच जुना शब्द आठवतो, चांदणं. ‘लाटेला चांदणं फुटलं’ लिहा.

प्रतिसाद:
सुरेख आहे, पण वाचकाला चंद्राचं प्रतिबिंब वाटेल. आणि हे दिसतं ते अवसेच्या आसपास, चांदणं नसताना.

प्रतिसाद:
आगीला इतकं का भ्यायचं? ज्या जिवामुळे हे बहुधा दिसतं त्याचं शास्त्रीय नाव नॉक्टिल्युका सिंटिलान्स. पहिल्या शब्दात रात्रीचा उजेड, दुसऱ्यात ठिणगी. लॅटिनला ठिणगी चालते, मग मराठीला ‘पेटली’ का नको? आमच्या आजोबांच्या तोंडी ‘पाणी पेटलंय’ हेच होतं. कधी ‘फॉस्फरस आलाय’ म्हणत.

प्रतिसाद:
फॉस्फरस मात्र चूक. तो मूलद्रव्य म्हणून १६६९ साली सापडला, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होताना तो मंद प्रकाशतो. समुद्रातल्या या उजेडात फॉस्फरस नसतो, ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. पाणी ढवळलं की पेशीत विक्रिया होऊन प्रकाश पडतो.

प्रतिसाद:
रसायन चुकलं, शब्द नाही. ग्रीक ‘फॉस्फोरोस’ आणि लॅटिन ‘ल्युसिफर’ दोन्हींचा अर्थ उजेड आणणारा, आणि दोन्ही पहाटेच्या शुक्राची नावं. आजोबा शुक्रापर्यंत पोचले होते!

प्रतिसाद:
क्रियापदाकडे या. एका पेशीचा झोत सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टिकतो. म्हणून ‘तेवणे’ बाद, ते संथ ज्योतीचं. ‘लुकलुकणे’ ताऱ्यांचं, तेही उगाच चालू राहणारं. इथे धक्का लागला तरच उजेड. ‘चमकणे’ बरोबर बसतं: वीज चमकते, कळ चमकते, म्हणजे क्षणात येऊन जाते. ‘लाट चमकली’.

प्रश्नकर्ती:
कळ चमकते, हे लक्षातच आलं नव्हतं. पण ‘लाट चमकली’ म्हटलं की उन्हातली लाट डोळ्यांपुढे येते ना?

प्रतिसाद:
‘तेवणे’ मोडीत काढू नका. जीवाणूंमुळे उजळणारा समुद्र धक्क्याशिवाय रात्रभर सलग उजळलेला राहतो. जानेवारी १९९५ मध्ये सोमालियाजवळ असा सुमारे १५,४०० चौरस किलोमीटरचा पट्टा उपग्रहाच्या चित्रांत मिळाला. त्याला दुधाळ समुद्र म्हणतात. आपल्याकडे क्षीरसागर तयार आहे!

प्रतिसाद:
क्षीरसागराचा याच्याशी संबंध जोडू नये, आधार नाही. आणि पाण्यात तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म जिवांना ‘प्लवक’ सोडून ‘प्लँक्टन’ कुणी लिहू नये.

प्रतिसाद:
का नको? संस्कृतात ‘प्लवग’ म्हणजे माकड आणि बेडूकसुद्धा. प्लु धातूत उडी आहे. प्लँक्टन हा शब्द १८८७ साली ‘भटकणारे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला. प्रवाहासोबत भटकणाऱ्यांना तोच नेमका.

प्रतिसाद:
प्लु म्हणजे तरंगणेही. प्लव म्हणजे तराफा.

प्रतिसाद:
मी ‘पाण्यात काजवे फुटले’ लिहिलं असतं. काजवा खद्योतावरून आला, प्राकृतात खज्जोअ.

प्रतिसाद:
मग ‘ख’चा ‘क’ कसा झाला? खाज, खजूर, खांदा यांतला ख तसाच राहिलाय.

प्रतिसाद:
एखादा शब्द नियम मोडतोच. पण ‘काजळ’शी नातं असेल का, अंधाराच्या बाजूने?