जर्मनीत पहिला महिना: आधी काय उरकायचं?

मलप्रभाकाठ: नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ खानापूरहून नोकरीसाठी स्टुटगार्टला निघालाय. कंपनी तीन आठवडे हॉटेल देणार, पुढचं घर त्यानेच बघायचं. भावजय मागाहून जाईल. काय आधी करावं, आणि कुठे अडतं?

वडगावकर: पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांचं सरकारी कार्यालय) करायची. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा घर ठरताक्षणीच घ्या. पासपोर्ट, फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा राहत असल्याचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. गाडी अडते ती या दाखल्यावर. म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न हाच विचारा, मालक टाळाटाळ करत असेल तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा.

नोंदीनंतर कर क्रमांक टपालाने येतो. टपालपेटीवर त्याचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं! क्रमांक वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यांत जास्त कर कापला जाऊ शकतो. किल्ली हातात आली की त्याच दिवशी पेटीवर नाव लावा.

निपाणी_रोड: डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं (हीटिंग वगैरे खर्च सोडून), आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा कायदेशीर हक्क आहे. घर न दाखवता पैसे मागणारा फसवाच समजा. टीव्ही नसला तरी दर घरामागे महिना 18.36 युरो प्रसारण शुल्क लागतं, ते पत्र खोटं समजून फेकू नका. आपलं लायसन्स तिथे सहाच महिने चालतं. पुढे लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा.

चंदगड_नाका: भावजयीचं आत्तापासून बघा. तुम्ही कर्नाटकात, म्हणून तिचा व्हिसा बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडे. पलीकडे चंदगडात राहणाऱ्याला मुंबई. कोल्हापूर जवळ पडतं म्हणून तिकडचा एजंट गाठू नका. लग्नाचा दाखला रजिस्ट्रारचाच हवा, मंगल कार्यालयाची पावती नाही. मार्क्सकार्डवर इनिशियल, पासपोर्टवर वडिलांचं पूर्ण नाव आणि लग्नानंतर बदललेलं आडनाव, हा घोळ आपल्याकडे फार. निघण्याआधीच मिटवा.

भावाकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरी-निवास परवाना) किंवा कुशल कर्मचाऱ्याचा निवास परवाना असेल तर तिला जर्मनची ए-वन, म्हणजे पहिल्या पातळीची परीक्षा माफ आहे. यातलं काहीच नसेल तर पुणे किंवा बेंगळुरूच्या मॅक्स म्युलर भवनात ती देता येते. भावाचा आरोग्यविमा सरकारी पद्धतीचा असला आणि ती कमवत नसली, तर तिला त्यातच वेगळा हप्ता न भरता घेता येतं.