पाणी चढलं की गावाचं बेट होतं : पूरपट्ट्यातल्या लोकांचे अनुभव

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्यानंतर रस्ते बुडतात आणि चारी बाजूंनी पाणी लागलेल्या गावात माणसं कशी राहतात, ते बाहेर फार कमी पोचतं. अशा गावात राहिलेल्यांनी, तिथं नांदायला आलेल्यांनी, उठून गेलेल्यांनी इथं लिहावं. पुढं या गावांचं काय, राहायचं की उठायचं, तेही मोकळेपणानं सांगा. सुरुवात मी करतो.

माझं गाव प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी आमच्या इथं एकत्र येतं आणि पुढं पंचगंगा होते. एरवी कोल्हापुरातनं शिवाजी पूल ओलांडला की थोड्या वेळात गाव येतं. पूर आला की तेवढंच अंतर बोटीशिवाय कापता येत नाही. १९८९ च्या पुरानंतर आम्हाला आणि आंबेवाडीला सोनतळीवर पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावात माणसं अडकली, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच धावपळ. शहरातले पाहुणे दरवेळी विचारतात, प्लॉट आहेत तर जात का नाही? त्या प्लॉटात घर बसतं, गोठा बसत नाही. चार म्हशी, वैरणीची गंजी, शेणाचा उकिरडा, कडबाकुट्टीचं मशीन हे कुठं मांडायचं? पहाटे धार काढून डेअरीला दूध घालायचं असेल तर माणूस जनावराजवळच झोपतो. आमच्या घराचा महिन्याचा खर्च दुधाच्या बिलावर चालतो, ऊसबिल तर वर्षानं येतं.

शिरोळ तालुका, ऊस उत्पादक

आमच्या तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा अशा चार नद्या. आमच्याकडं पाऊस नसतानाही पूर येतो. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं चढत राहतं. याला आम्ही फूग म्हणतो. ही फूग आवाज करत नाही. रात्री बांधावर खूण म्हणून काठी रोवायची, पहाटे बॅटरी मारून बघायचं. काठी दिसली नाही की आधी मोटरा वर काढायच्या, मग जनावरं हलवायची.

बोट यायच्या आधी गुऱ्हाळाची काहील कामाला येते. गूळ आटवायच्या त्या कढईत म्हातारी माणसं, पोरं बसवायची आणि दोघा-तिघा पोहणाऱ्यांनी ढकलत न्यायची. काहील गोल असल्यानं जागेवर फिरते, म्हणून धरणारा माणूस जाणता लागतो.

उसाचं म्हणाल तर शेंडा पाण्याबाहेर राहिला तर पीक वाचतं. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, गाळ बसला की संपलं. शेंडा कुजतो, खालनं पांगशा म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, कांडं आतून पोकळ होतं. वरनं हिरवं दिसतं आणि काट्यावर वजन भरत नाही. तरी जमीन सोडवत नाही, कारण नदीकाठच्या मळीची, गाळाची माती आहे. पूर ओसरल्यावर जो गाळ राहतो त्यावर वांगी, भाजीपाला असा येतो की खताची फार गरज लागत नाही.

आता भीती कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची. तिथली पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायचं कर्नाटकचं म्हणणं आहे. २०१९ च्या पुराला अलमट्टी कारण नाही, असं पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगितलं. मी तो अहवाल नाकारत नाही. नदीपात्रातली अतिक्रमणं, भराव टाकून केलेले रस्ते ही कारणं आम्हीपण रोज बघतो. पण ज्याच्या घरात फूग शिरते, त्याला ती पातळी वाढणार हे ऐकून झोप लागत नाही.

लग्न होऊन पूरपट्ट्यात आलेली

मी कागल तालुक्यातली, माहेरी कधी पूर बघितला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात सासूबाईंनी शिकवलं. कागदपत्रं आणि दागिने एका डब्यात, तो डबा कायम माळ्यावर. गॅसची टाकी दोरीनं खिडकीच्या गजाला बांधायची, नाहीतर पाण्यावर तरंगत जाते. धान्य प्लॅस्टिकच्या बॅरलात, झाकण घट्ट. घरात गरोदर बाई असली तर पाणी इशाऱ्याला टेकायच्या आधी तिला पाहुण्याकडं पोचवायचं, यात कुणाचं काही ऐकायचं नाही.

खरी दमछाक पाणी उतरताना होते. गाळ ओला असतानाच खराट्यानं ढकलावा लागतो, वाळला की फरशीला धरतो. म्हणून पाणी घोट्यापर्यंत आलं की सगळ्या बायका कामाला लागतात. शिबिरात जेवण मिळालं, कपडे मिळाले. सॅनिटरी पॅडचं मात्र कुणाच्या ध्यानात नव्हतं, ते आम्ही मागून घेतलं. आता नणंदेच्या पोराला स्थळं बघतोय. मुलीकडचे आधी विचारतात, घरात पाणी येतं का? त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

नृसिंहवाडी, दुकानदार

नदीचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, त्या स्नानाला लांबून भाविक येतात. आम्ही त्याच वेळी माल उचलायला लागतो. पेढे, कवठाची बर्फी टिकणारा माल नाही. पाणी जसं वर येईल तसं दुकान मागं न्यायचं, हे घरात लहानपणापासून अंगवळणी पडलंय. २०१९ ला मागं न्यायला जागाच उरली नाही.

कोल्हापूर शहर

२०१९ ला शहराचंच बेट झालं होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्यात, पेट्रोल नाही, भाजी नाही, दूध नाही. उपसा केंद्रं बुडाल्यानं नळाला पाणी नाही. त्या दिवसांत खेड्यातल्या लोकांचं दुखणं आम्हाला थोडं कळलं.

बचावकार्यात बोटीवर असलेला

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. त्यानंतर जॅकेट घातल्याशिवाय मी कुणाला बोटीत घेत नाही, मग कितीही शिव्या पडू देत.

बोट दारात लागते आणि घरातला म्हातारा म्हणतो, "माझी म्हस वर घ्या, मग मी येतो." अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. मी म्हणतो, "आबा, दावं सोडा. म्हस पोहती, बांधलेली मरती." दावं सोडताना त्यांचे हात थरथरतात. काहीजण गच्चीवर जनावरं चढवतात आणि स्वतः तिथंच राहतात. त्यांना बोटीतून वैरण पोचवणं हेही बचावकार्यच आहे, पण सरकारी यादीत ते शेवटी येतं.

सोनतळीला राहायला गेलेला

मी गेलो. पावसाळ्यात रात्री निवांत झोपतो, पोरांची शाळा बुडत नाही. जनावरं मात्र विकावी लागली आणि आता रोज शेताला गाडीनं जातो. आई वर्षभर हरवल्यासारखी वागली. तरीही माझं सांगणं आहे, जमेल त्यानं उठावं.

हातकणंगले तालुका, कारखान्यात नोकरी

मी पंचविशीतला. आम्ही भावांनी घर खांबांवर घेतलंय, खाली गोठा, वर राहणं, आणि जिन्याशेजारी जनावरं चढतील असा उतार. खर्च बराच वाढला, पण वडील गाव सोडणार नाहीत आणि मी त्यांना सोडणार नाही. एकच मागणं आहे. दर गावानं उंचावरच्या गायरानात कायमची जनावरांची शेड बांधावी, वैरणीच्या कोठारासकट, आणि तिथवर जाणारा एक तरी रस्ता पाण्याच्या वर ठेवावा. आमच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडलाय. ज्या गावात अशी शेड झाली असेल त्यांनी जागा कशी मिळवली, खर्च कुठून उभा केला, ते इथं लिहा.