मदत हवी आहे: बाबांची रविवारची मिसळ वाचवायची आहे

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. बाबा ७१ वर्षांचे. जन्म, शिक्षण, नोकरी सगळं नाशकात, गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे पुण्यात. मागच्या महिन्यात रिपोर्ट आले. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २९०. बीपीसाठी टेल्मिसार्टन आधीपासून चालू आहेच. डॉक्टरांनी साखरेची गोळी वाढवली आणि खाण्याबद्दल एका वाक्यात उरकलं, "तेलकट, मैदा, फरसाण बंद." बाबांनी मुकाट मान डोलावली आणि रिक्षात बसल्या बसल्या मला म्हणाले, "मिसळीचं नाव काही घेतलं नाही हं त्यांनी."

आमच्याकडे रविवार म्हणजे मिसळ. काळ्या मसाल्याची, सोबत पापड. आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा मन लावून खातात असा हा एकच पदार्थ उरलाय, इतर दिवशी ताटात काय वाढलंय तेही बघत नाहीत. त्यामुळे "बंद करा" हा सल्ला कृपया देऊ नका. रविवारी बायकोची ड्यूटी असते, स्वयंपाक माझ्याकडे.

आईच्या वहीत कटाला "पाऊण वाटी तेल" लिहिलंय. इतकी वर्षं ते ओतत आलो, या वेळी पहिल्यांदा मोजलं. आमच्या वाटीने ११० मिली भरलं, म्हणजे नुसत्या तेलाच्या ९००च्या आसपास कॅलरी, चौघांत मिळून. शिवाय तर्री आवडते म्हणून बाबांच्या वाटीत जरा जास्तच जाते.

आतापर्यंतचे उद्योग असे. पहिल्या रविवारी पातेल्यात एक चमचा तेल घालून सगळं तसंच केलं. रस्सा पाणचट झाला, तिखटाचा कच्चा वास, मसाला तळाला आणि पाणी वर. बाबांनी विचारलं, "कुणी आजारी आहे का?" दुसऱ्या रविवारी फरसाणाच्या जागी भाजलेले ओट्स टाकले. याबद्दल जास्त बोलत नाही. तिसऱ्या रविवारी पावाऐवजी ज्वारीची भाकरी केली, तर म्हणाले, "छान झालीय, पण ही उसळ-भाकरी झाली. मिसळ कधी करणार?" त्यांचं चूक नाही.

तर कमी तेलात कट कटासारखा कसा लागेल? फरसाणाला पर्याय काय? पावाचं काय करू? आणि जाता जाता, एअर फ्रायरमध्ये बटाटेवडे कुणाला जमलेत का? माझं पीठ जाळीतून खाली गळलं आणि तिथेच त्याचा ढोकळा झाला. वर राहिले ते उघडे बटाट्याचे गोळे.

खानदेशी_सून:
दादा, तुम्ही तेल कमी केलंत पण पद्धत जुनीच ठेवलीत, म्हणून फसलं. मिरचीचा रंग आणि झणका तेलात उतरतो, पाण्यात नाही. मोठ्या पातेल्यात चमचाभर तेल म्हणजे तळ ओला करण्यापुरतं. मसाला त्यात परतला जातच नाही, एक तर करपतो, नाही तर कच्चा राहतो. तेल सुरुवातीला घालायचंच नाही, शेवटी घालायचं.

दोन मोठे कांदे सालासकट गॅसच्या जाळीवर ठेवा, भरताचं वांगं भाजतो तसे. बाहेरून कोळसा होऊ दे, आत शिजून गोडसर होतात. काळं साल काढा, पण अगदी धुऊन चकाचक करू नका, थोडा काळा लागलेला राहू दे, तोच वास पाहिजे. सुकं खोबरं दोन चमचे, कोरडंच भाजायचं, त्याला त्याचंच तेल सुटतं. लसूण, आलं, कोथिंबिरीच्या काड्या घालून सगळं गंधासारखं मऊ वाटा. जाडसर राहिलं तर रस्सा फुटल्यासारखा होतो.

हे वाटण बिडाच्या कढईत बिनतेलाचं परता. चिकटायला लागलं की पाण्याचा हबका, पुन्हा परता, पुन्हा हबका. दहा मिनिटं तरी. मटकी वेगळी शिजवलेली असेलच, त्यातली अर्धी वाटी वाटून याच्यात घाला, दाटपणा तिच्याने येतो. मग मटकीचंच पाणी घालून उकळा.

आता तेल. फोडणीच्या पळीत दोन मोठे चमचे, चौघांना मिळून. गरम झालं की गॅस बंद. हे विसरलात तर घरभर ठसका. बंद केल्यावर हिंग, तिखट आणि काळा मसाला टाका, चार-पाच सेकंद फिरवा आणि लगेच उकळत्या रश्श्यावर ओता. झाकण ठेवा, ढवळू नका. वीस मिनिटांनी तर्री आपोआप वर येते. ती पळीने अलगद वाटीत काढून ठेवा. बाबांना वाढताना रस्सा खालचा द्या आणि वरून एक छोटा चमचा तर्री सोडा. वाटी लाल दिसली पाहिजे, निम्मी मिसळ माणूस डोळ्यांनी खातो.

फरसाणाला: पातळ पोहे कोरडे भाजून कुरकुरीत करा, डाळं आणि थोडे शेंगदाणे घाला, चमचाभर तेलात हिंग-हळद-कढीपत्त्याची फोडणी. आणि वर एक चमचा खरीखुरी जाडी शेव. एकच, पण खरी, आणि ताट पुढ्यात आल्यावर टाका, आधी नको. ओट्सबद्दल तुम्ही गप्प बसलात ते बरं केलंत.

गोळीवाला:
मी औषधाच्या दुकानात बसतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. बीपी आहे म्हणून कुणी इथे "कमी सोडियमचं मीठ वापरा" सुचवेल. त्या मिठात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढू शकतं. किडनी थोडी कमजोर असेल तर धोका आणखी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ घरात आणू नका. साधंच मीठ कमी करा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाणही आलं. मिसळीवर लिंबू जास्त पिळलं की मीठ कमी आहे हे कळत नाही.

ठाणेकर७२:
मल्टिग्रेन पाव आणा, प्रश्न मिटला. आणि कटात साखर घालत असाल तर त्याऐवजी गूळ.

साखरकाका:
ठाणेकर, रागावू नका, पण दोन्ही चुकीचं आहे. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच मल्टिग्रेन पावांत पहिलं नाव मैद्याचंच असतं आणि बिया वर शोभेला. गूळ आणि साखर रक्तात गेल्यावर फारशी वेगळी वागत नाहीत. मला १४ वर्षं डायबेटिस आहे, हे सगळे प्रयोग अंगावर करून झालेत.

पावाबद्दल माझा अनुभव सांगतो. मी पाव सोडला नाही, क्रम बदलला. आधी वाटीभर काकडी-टोमॅटो, मग नुसती उसळ चार-सहा चमचे, मग एक पाव. एकच. पाव तव्यावर कोरडा कडक भाजायचा, तो सावकाश खावा लागतो. दोन पाव सुरुवातीलाच बुडवून खाल्ले तर दोन तासांनी माझी साखर दोनशेच्या वर जाते, या क्रमाने खाल्लं की बहुतेक १६०-१७०. प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी बघा. आकडा बाबांच्या हातात द्या. तुम्ही सांगून ऐकणार नाहीत, आकड्याचं ऐकतील. आम्ही म्हातारे असेच.

गिरगावची:
वड्याचं मी सांगते. एअर फ्रायरला ओलं पीठ चालत नाही, त्याला वरून सणसणीत तेलाचा चटका लागतो, तो तिथे नाही. आप्पेपात्र काढा. गोळे लिंबाएवढे करा, बेसन नेहमीपेक्षा घट्ट भिजवा, सोडा घालू नका. प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल, बुडवलेला गोळा सोडा, झाकण, मंद आच, मग सुईने उलटा. सारणात एक तृतीयांश बटाटा कमी करून त्या जागी उकडलेलं कच्चं केळं किसून घाला, आमच्याकडे अजून कुणाला कळलेलं नाही. पण खरं सांगू? हा वडा चांगला लागतो, बटाटेवड्यासारखा लागत नाही. ज्या दिवशी बटाटेवडा खायचाय त्या दिवशी कडकडीत तापलेल्या तेलात तळा आणि एक खा. तेल कोमट असलं की वडा ते पितो, पीठ पातळ असलं तरी पितो, सोडा असला तर विचारूच नका.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल रविवार झाला, वृत्तांत देतो.

कांदे जाळीवर ठेवले तेव्हा बाबा पेपर घेऊन स्वयंपाकघरात आले, "काय जळतंय?" म्हणून. मग तिथेच स्टूल ओढून बसले. आई चुलीत कांदे भाजायची म्हणे, गॅस आल्यावर बंद केलं. वहीत हे कुठेच नाही.

वाटण पहिल्यांदा जाडसर राहिलं, पुन्हा मिक्सरला फिरवलं. फोडणीत गॅस बंद करायला विसरलोच, खोकलो, तिखट फेकून दुसऱ्यांदा केलं. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर वर खरंच लाल थर. वाटीत काढला, एक चमचा बाबांच्या मिसळीवर, एक चमचा शेव. पहिल्या घासाला काही बोलले नाहीत. कांदा मागितला, लिंबू मागितलं. मग वाटी पुढे करून म्हणाले, "सॅम्पल आहे का?" सॅम्पल म्हणजे वरून मागायचा जादा रस्सा, पुण्यात येऊन हा एक शब्द शिकलेत. दुसरा पाव मिळाला नाही म्हणून थोडी कुरकुर झाली, पण साखरकाकांचा क्रम मान्य केला.

दोन तासांनी साखर १७४. आधीच्या, म्हणजे आईच्या कृतीच्या शेवटच्या रविवारी २३६ होती. आकडा स्वतः डायरीत लिहिला त्यांनी.

आप्पेपात्र बहिणीकडे आहे, पुढच्या आठवड्यात आणतो. आणि काढून ठेवलेली तर्रीची वाटी फ्रीजमध्ये होती, ती आज सकाळी निम्मी झालीय. बायको म्हणते ती नाही. मी तर नाहीच.