फॅलेनॉप्सिस ऑर्किडची शेंग हिरवी असतानाच काढावी की तडकू द्यावी?

दवबिंदू:
फॅलेनॉप्सिसच्या दोन संकरांचं हाताने परागीभवन केलंय, आज १२८ दिवस झाले. शेंग हिरवी आणि टणक आहे, टोकाला सुकलेलं फूल अजून चिकटलेलं आहे. मागच्या खेपेला तडकलेल्या शेंगेतलं बी पेरलं, तर पाचव्या दिवशी सगळ्या बाटल्यांत पांढरी बुरशी. या वेळी हिरवीच काढू का? बाटल्या निर्जंतुक करायला घरच्या प्रेशर कुकरवर भागेल का? आणि आत बी भरलंय की नाही, हे बाहेरून ओळखता येतं का?

शेवाळ:
हिरवीच काढा, १४० दिवसांच्या आसपास. त्याआधी टोक पिवळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी. बंद शेंगेतलं बी मुळात निर्जंतुक असतं, त्यामुळे फक्त साल साफ करावी लागते. शेंग एकदा तडकली की हवेतले बीजाणू थेट बियांवर बसतात. मग ते धुळीसारखं बी ब्लीचमधून काढायचं म्हणजे कसरत: वेळ कमी पडला तर बुरशी, जास्त झाला तर भ्रूण मरतो.

भरलंय का, ते बाहेरून कळत नाही. परागपुंज कुक्षीत बसले की शेंग फुगू लागते, पण फलन होतं ते सुमारे दोन महिन्यांनी. त्यामुळे टपोरी शेंगसुद्धा आतून पोकळ निघू शकते, विशेषतः जोडीतलं एक झाड त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेलं) असेल तर. पेरताना चिमूटभर बी भिंगाखाली पाहा. पारदर्शक सालीच्या मधोमध फुगीर ठिपका दिसला तर भ्रूण आहे, नुसता कोंडा दिसला तर बाटल्या वाया घालवू नका.

ओलावा:
कुकर चालतो, पण शिट्टी बसवण्याआधी वाफेचा जोरदार झोत काही मिनिटं सुटू द्या. आत हवा अडकली तर तापमान १२१ अंशांपर्यंत चढत नाही. त्यानंतर पूर्ण दाबावर २० मिनिटं. बाटल्यांची झाकणं अर्धा फेरा सैल ठेवा आणि दाब आपोआप उतरू द्या, घाई केली तर माध्यम (बी ज्यावर पेरायचं ती पोषक जेली) उकळून झाकणाला लागतं.

एक लिटर माध्यमाला: अर्ध्या मात्रेचे एमएस (मुराशिगे-स्कूग) पोषक क्षार, साखर २० ग्रॅम, पेप्टोन २ ग्रॅम, आगर ७ ग्रॅम. सामू (पीएच) ५.६. केळं घालायचं असेल तर ते आधी घाला, सामू नंतर जुळवा. केळ्याने सामू खाली येतो, आणि आम्ल माध्यमात आगर नीट गोठत नाही.

शेंगेची सुकलेली फुलं कापून टाका, बुरशी तिथेच लपते. साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने खाचा घासा. ५ टक्के ब्लीच एक भाग, पाणी चार भाग, त्यात २० मिनिटं. नंतर निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवा. पुढे शेंग अल्कोहोलमध्ये बुडवणार असाल, तर ब्लीच राहिलेली घालू नका, आणि अल्कोहोलची बाटली पेटत्या दिव्यापासून लांब ठेवा.

दवबिंदू:
बी किती दाट टाकायचं? आणि पुढे काळपट पडलं तर?

शेवाळ:
सुरीच्या टोकावर मावेल तेवढंच एका बाटलीला. सगळ्यांची चूक इथेच होते, दाट पेरलं की कोंब एकमेकांना दडपतात. शेंगेच्या आतले तंतूही खरवडून घेऊ नका, ते तपकिरी होऊन माध्यम बिघडवतात. २५ अंशांच्या आसपास, मंद उजेडात ठेवा, थेट ऊन नको. बी आधी फुगतं, मग साधारण महिनाभरात हिरवे मणी दिसतात, तेच प्रोटोकॉर्म.

काळपटपणा बहुधा या प्रोटोकॉर्मनी सोडलेल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांमुळे येतो. पहिलं पान फुटलं की, दोन-तीन महिन्यांनी, एक ग्रॅम सक्रिय कोळसा आणि पिकलेलं केळं ६० ग्रॅम घातलेल्या एक लिटर ताज्या माध्यमाच्या बाटल्यांत विरळ हलवा. कोळसा ते फिनॉल शोषून घेतो.

ओलावा:
बाटलीतून बाहेर काढायची घाई नको. दोन-तीन जाड मुळं आणि चार सेंटीमीटरची पानं होईपर्यंत थांबा, वर्ष लागू शकतं. काढताना कोमट पाण्यात आगर पूर्ण धुऊन टाका, मुळाला चिकटलेल्या साखरेवर कुजणं सुरू होतं. मग ओलसर स्फॅग्नम शेवाळात, वर पारदर्शक झाकण, आणि ते रोज थोडं जास्त उघडत जायचं.