संमेलनात रहस्यकथेला जागा का नको?
रहस्यकथा म्हणजे प्रवासातला टाइमपास, साहित्य संमेलनात तिचं काय काम, असं इथे चर्चेत कोणीतरी म्हटलंय, त्यावर थोडं. डिसेंबर २०२१ ला आपल्या नाशकात ९४ वं मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा मी आडगावला, जिथे ते भरलं होतं तिथे, गेलो होतो, अवकाळी पाऊस, चपलांना किलोभर चिखल, आणि मी आपला स्टॉलमागून स्टॉल बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं शोधत फिरतोय! हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेला माणूस आहे अहो तो. नंतर एका रद्दीवाल्याकडे एक जुनं पुस्तक मिळालं, तर कोण्या महाभागाने चाळिसाव्या पानावरच खुन्याच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवलेला. तरी वाचलंच म्हणा, आणि उलट जास्त मजा आली, खुनी आधीच माहीत असला की लेखक आपल्याला कुठे कुठे गंडवतोय ते दिसायला लागतं. तिकडे इंग्लंडात बघा, रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती १९२६ मध्ये ११ दिवस गायब होती आणि हॅरोगेटच्या ज्या हॉटेलात सापडली, तिथेच रहस्यकथांचा फेस्टिव्हल भरतो. आपल्याकडे निदान एक परिसंवाद तरी ठेवा की, चहा माझ्याकडून.