नवीन आणताय, मग जुनं काय बंद करताय?

उत्तरायण:
संस्थेत एखादा बदल फसला की ठरलेलं वाक्य कानावर येतं, "लोकांची मानसिकताच नाही." मला हे अजिबात पटत नाही. नवं सॉफ्टवेअर येतं, पण एक्सेल शीट भरणं सुटत नाही, कारण वरच्यांना रिपोर्ट जुन्याच फॉरमॅटमध्ये हवा असतो. ते अंगवळणी पडायच्या आत विभागांची फेररचना, आणि आता एआय. या दुप्पट कामाने माणसं पिचतात. म्हणून नवीन आणण्याआधी जुनं काय बंद होणार ते लेखी द्या. देता येत नसेल तर आणू नका.

सरळरेघ:
असहमत. तुमचा दम खाऊन होईपर्यंत बाजार थांबत नाही. कॅमेऱ्याची फिल्म विकणाऱ्या कोडॅकच्याच इंजिनिअरने १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला होता. फिल्मचा नफा सोडवेना, आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

उत्तरायण:
म्हणजे जुनं बंद करणं जमलं नाही, हेच तर मी म्हणतोय! फुजीफिल्मलाही तोच फटका बसला होता. फिल्म बनवताना कमावलेलं कोलाजेनचं (त्वचेतही असणारं प्रथिन), रंग न विटू देण्याचं ज्ञान त्यांनी त्वचेच्या प्रसाधनांत वापरलं. लोकांना जे येत होतं, त्यावरच नवं उभं केलं.

सरळरेघ:
आणि हजारो नोकऱ्याही कमी केल्या. तेही सांगा.

रातपाळी:
दोघेही वेगावर भांडताय, मुद्दा मांडणीचा आहे. कारखान्यांत वीज १८८० च्या दशकात यायला लागली, पण अमेरिकेत उत्पादकतेची मोठी उडी दिसली ती १९२० च्या दशकात. आधी वाफेच्या इंजिनाच्या जागी फक्त मोठी मोटर बसवली, त्या एकाच इंजिनावरून सगळी यंत्रं फिरवणारे शाफ्ट आणि पट्टे तेच. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर मिळाली, कामाच्या क्रमाने यंत्रं हलवली, तेव्हा फरक पडला. एआयचंही आज बऱ्याच ठिकाणी असंच, जुन्याच प्रक्रियेला नवी मोटर. आणि मांडणी कुठे अडते हे तिथे उभ्या माणसालाच कळतं. टोयोटात कामगार दोरी ओढून किंवा बटण दाबून उत्पादनाची लाइन थांबवू शकतो. आपल्याकडे कितीजणांना तो अधिकार आहे?

सरळरेघ:
अधिकार दिलात तर प्रत्येक विभाग आपलंच काम अत्यावश्यक ठरवेल. मग जुनं बंद कोण करणार?

उत्तरायण:
विभागाला विचारूच नका. संशय असलेला रिपोर्ट महिनाभर पाठवणं थांबवा. कोणी मागितला तर पुन्हा सुरू करा.