फॉर्म सबमिट झाला, आता दुरुस्ती? – अनुभव धागा

खिडकीवाला: घरोघरी एमबीए कॅपचे (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फॉर्म भरणं सुरू झालंय. 'सबमिट' दाबल्यावरची ती धडधड आठवली, म्हणून धागा काढला. माहीतगारांनी लिहा.
सुरुवात माझ्याकडून. पैसे भरले म्हणजे फॉर्म कन्फर्म झाला असं नाही. ई-स्क्रूटिनीत (ऑनलाइन छाननी) छाननी केंद्र कागद तपासतं आणि चूक दिसली तर शेरा मारून फॉर्म लॉगिनमध्ये परत पाठवतं. पोरं नवी फाईल चढवतात, पण पुन्हा सबमिट करायचं विसरतात. मुदत संपते, फॉर्म लटकलेलाच.

शिरापुरी: +१. एसएमएसची वाट बघू नका, रोज लॉगिन उघडा.

गुणपत्रिका: तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की तक्रारीचे मोजके दिवस असतात. लॉगिनमधूनच ग्रीव्हन्स टाकायची, सोबत पुरावा. ई-स्क्रूटिनीवाल्यांचा फॉर्म परत उघडतो, प्रत्यक्ष स्क्रूटिनीवाल्यांनी केंद्रावर जायचं. मंजूर झाली का हे नव्या पावतीवर दिसतं. यादीत नाव शोधून खूश होऊ नका. प्रवर्ग, पदवीचे टक्के, उमेदवारीचा प्रकार, सगळं वाचा. सीजीपीएचे टक्के विद्यापीठाच्या सूत्रानेच, सरसकट दहाने गुणून नाही.

तहसीलची_रांग: नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र!! २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध लागत होतं. आधीच्याच मार्चमध्ये संपलेलं जोडलं की खुल्या प्रवर्गात गेलातच.

चहाबाज: आयडी शोभतोय 😂 रांगेत चहा मिळतो का?

तहसीलची_रांग: चहा मिळतो, सर्व्हर मिळत नाही.

मीनाताई: कॅटचं (आयआयएमची प्रवेश परीक्षा) वेगळं आहे हं. एडिट विंडोत फोटो, सही आणि परीक्षेचं शहर, एवढंच. प्रवर्ग बदलत नाही. आणि तिथे ओबीसी दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला, जातही केंद्र सरकारच्या यादीत हवी. एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग तिथे नाहीच.

पोळी_तव्यावर: घाईत लिहितेय. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच स्कॅन करून ठेवा. मोबाईलवर काढलेल्या फोटोत शिक्का पुसट येतो, मग परत शेरा. पोळी करपली बहुतेक.

सातासमुद्रापार: अमेरिकेतल्या शाळांत सबमिट केलेला फॉर्म सहसा उघडत नाहीत. जीमॅट या प्रवेश परीक्षेचा नवा स्कोअर, बढती, बदललेली नोकरी, एवढ्यासाठीच चार ओळींचा मेल. निबंधातली टायपो कळवू नका, उलट लक्ष जातं. काही शाळा अपडेट नकोच म्हणतात, आधी त्यांची सूचना वाचा.

चहाबाज: म्हणजे 'मॅनेजमेन्ट'चं स्पेलिंग चुकलं तरी गप्प बसायचं?

सातासमुद्रापार: हो काका, गप्प.

गुणपत्रिका: कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) राहिला की. नुसता सेव्ह करून चालत नाही, कन्फर्म करावा लागतो. कन्फर्म केल्यावर त्या फेरीत क्रम बदलत नाही, म्हणून आधी कागदावर लिहून काढा.

शिरापुरी: कागद कुठला, पोळीवाल्या ताईंचा? त्या गेल्या वाटतं.

पोळी_तव्यावर: आहे. दुसरी टाकलीय.